नाना पेंटरने लिहिलेली नावं

नानाभाऊ गेल्याचं कळलं तेव्हा मी त्याच्यासाठीच बादली घ्यायला इतवारीत उभी होते. आदल्या दिवशी दवाखान्यात त्याने दोनदा माझा हात धरून सांगितलं होतं, "सुमे, बादली पालटायची राहिली वं… तेवढी पालटून दे." आजारी माणसाला म्हणतात तसं मी "हो हो, पालटते" म्हटलं. बाहेर आल्यावर त्याच्या सुनेला, मीनाला, विचारलं. ती म्हणाली, न्हाणीतल्या बादलीची कडी तुटली आहे, बाबा महिनाभर त्यावरून कुरकुर करत होते. झालं, मला अर्थ सापडला. उभा जन्म मुलांना शिकवण्यात गेला, नीट ऐका, मग उत्तर द्या म्हणून ओरडण्यात गेला, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा मी काहीच न विचारता इतवारीतल्या भांड्यांच्या बाजारात लाल प्लास्टिकच्या बादलीची कडी ओढून बघत होते. समोरून हातगाडी येत होती, गाडीवाला बाजूला व्हा म्हणून ओरडत होता, आणि पर्समध्ये फोन वाजत होता. मीना एवढंच म्हणाली, "आत्याबाई, बाबा गेले." बादली मी तरीही घेतली. का घेतली ते मला आजही सांगता येणार नाही. ती अजून त्यांच्या न्हाणीत आहे आणि मीना ती वापरते.

नानाभाऊ माझा मावसभाऊ, माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठा. पुरवणीच्या वाचकांना त्याचं नाव सांगून काही उपयोग नाही, पण नागपुरात ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे त्यांनी त्याचं अक्षर नक्की वाचलेलं आहे. फ्लेक्स येण्याआधी या शहरातल्या निवडणुका भिंतींवर व्हायच्या, आणि पूर्व नागपुरातल्या बऱ्याच भिंती नानाभाऊच्या हाताखालून गेलेल्या होत्या. 'यांनाच प्रचंड बहुमताने विजयी करा' हे वाक्य त्याने आयुष्यात इतक्या वेळा आणि इतक्या वेगवेगळ्या माणसांसाठी लिहिलं की त्याला विचारलं, नाना, तुझं मत कोणाला, तर तो म्हणायचा, सगळ्यांनाच. सगळ्या रंगांचे डबे त्याच्या सायकलला लटकलेले असत. एका पक्षाचे कार्यकर्ते येऊन बघत, हा दुसऱ्याचं काम करतो आहे, रागावून जात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्याच दारात उभे राहत. कारण तसं अक्षर दुसऱ्या कोणाचं नव्हतं.

आमची घरं कोष्ट्यांची. त्याच्या वडिलांचा माग होता, माझ्या आईने लग्नानंतरही कित्येक वर्षं मागाच्या कांड्यांवर सूत भरलं. नानाभाऊ मागावर बसायला तयार नव्हता, त्यावरून घरात बरेच दिवस अबोला होता. पण सरळ रेघ मी मागावरच शिकलो असं तो नेहमी सांगायचा. ताण्याचे धागे लहानपणापासून डोळ्यांसमोर, त्यामुळे वाकडं काही डोळ्यांना खपतच नाही. भिंतीवर तो खडूच्या पुडीत बुडवलेली दोरी ताणून झटका द्यायचा, दोन रेघा उमटायच्या, त्यांच्या मधोमध अक्षरं बसवायचा. आधी सगळी अक्षरं, माथ्याची रेघ सर्वांत शेवटी. आणि ती रेघ काढताना कोणी बोललेलं त्याला चालायचं नाही. उभं राहायचं, छाती भरून श्वास घ्यायचा, तो रोखायचा आणि नावाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत ब्रश न उचलता जायचं. मग श्वास सोडायचा. लहान असताना आम्ही पोरी त्याच्या मागे उभ्या राहून आपापला श्वास रोखायचो. मोठी नावं आली की आमच्यातल्या एक-दोघी लाल होऊन खाली बसायच्या, आणि तो मात्र शेवटच्या अक्षरावर पोचलेला असायचा.

या धंद्याचा दुसरा अर्धा भाग लोकांना ठाऊक नसतो. निवडणुकीचा निकाल लागला की भिंतींवरची जुनी नावं पुसावी लागत, आणि पुसायलाही नानाभाऊलाच बोलावत. चुन्याचं बोट लावायला त्याच्या जिवावर यायचं, पण काम ते काम. हरलेला माणूस आठवडाभर भिंतीवर हात जोडून हसत राहायचा आणि मग नानाभाऊ त्याच्या अंगावर चुना फिरवायचा. पुढे फ्लेक्स आले. एका हंगामात त्याचे सगळे ब्रश घरी बसले. त्याने तक्रार केली नाही. दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या मागच्या फळ्या, शाळांचे सुविचार असं काही ना काही करत राहिला. माझ्या शाळेच्या फाटकावरची पाटी त्याचीच होती, आणि आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी त्याला दोनदा चहा दिला होता, जो मान त्यांनी मला पूर्ण नोकरीत एकदाही दिला नाही.

स्मशानांचा आणि कबरस्तानांचा नाद त्याला त्यानंतर लागला. ओळखीच्या एका ख्रिस्ती शेजाऱ्याला पोचवायला तो गेला होता. परतताना बाजूच्या एका दगडावर त्याला अर्धवट पुसलेलं नाव दिसलं… पीटर मास्तरांचं. हे मास्तर कधीकाळी नगरसेवक होते, शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि सभेत वऱ्हाडीत भांडायचे. त्यांच्या दोन निवडणुका नानाभाऊने रंगवल्या होत्या. दगडातली कोरीव अक्षरं शाबूत होती, पण आतला काळा रंग पावसाने धुऊन नेला होता, त्यामुळे नाव अगदी जवळ जाऊन बोटाने चाचपलं तरच कळायचं. नानाभाऊ दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या मुलीला विचारून आला आणि बारीक ब्रशने एकेका अक्षरात रंग भरून गेला. मग त्याला दुसरी नावं आठवायला लागली. ज्यांची नावं आपण भिंतीवर लिहिली ते आता कुठे आहेत, हे त्याने शोधायला घेतलं. कोणाला विचारायचं, कसं विचारायचं, याची त्याला लाज नव्हती. चहाच्या टपरीवर, वॉर्डातल्या जुन्या कार्यकर्त्यांकडे, मशिदीच्या पायरीवर जाऊन सरळ विचारायचा, आपले ते हाजीसाहेब कुठे ठेवले गा?

मला हे सगळं सुरुवातीला फार विचित्र वाटायचं. निवृत्त माणसाने बागेत फिरावं, नातवंडं खेळवावीत, तर हा दर वर्षी दिवाळी उरकली की सायकल काढून मेलेल्या पुढाऱ्यांच्या भेटीला निघणार. मी त्याला टोमणे मारायची. म्हणायची, जिवंतपणी ज्यांनी तुला कधी ओळख दाखवली नाही त्यांची मेल्यावर तू कसली सेवा करतोस? तो हसायचा आणि ब्रशच्या टोकाचे केस बोटांनी सारखे करत बसायचा. शेवटी एका वर्षी मीच म्हटलं, चल, मला दाखव तरी. माझ्या स्कूटीवर मागे बसला, मांडीवर रंगाचे डबे, आणि दिवसभर आम्ही फिरलो.

त्या एका दिवसात मला नानाभाऊ जेवढा कळला तेवढा आधीच्या साठ वर्षांत कळला नव्हता. कबरस्तानात हाजीसाहेबांच्या कबरीपाशी त्याने आधी चपला काढल्या, राखण करणाऱ्या बाबांना सलाम केला, पालापाचोळा हातांनी वेचला आणि मग दगडाकडे वळला. दगडावर वरती उर्दू आणि खाली एका ओळीत मराठी नाव. उर्दूला तो हात लावत नसे, कारण जे वाचता येत नाही ते आपण लिहू नये. मराठी ओळ मात्र इतक्या प्रेमाने भरली की बाबा शेजारी उकिडवे बसून बघत राहिले. तिथून आम्ही घाटावर गेलो. तिथे एका माजी उपमहापौरांचा संगमरवरी चबुतरा आहे, मुलाने बांधलेला, त्यावर इतकी पदं कोरली आहेत की नाव शोधायला मला चष्मा पुसावा लागला. मी म्हटलं, याच्या खाली तर कोणीच नाही, माणूस जळाला, राख नदीत गेली. नानाभाऊ गुडघे टेकून पदं मोजल्यासारखी एकेक पुसत होता. तो म्हणाला, "मातीतला मानूस एका जागी राहते, त्याले भेटाले जाता येते. आपले लोकं वाहून जातेत वं. मंग नाव तरी एका जागी राहू दे ना." नंतर मला कळलं की या उपमहापौरांनी एकदा भर चौकात त्याला शिव्या घातल्या होत्या, त्यांच्या नावाला पिवळा रंग कमी पडला म्हणून. त्यांचं नाव भरायला त्याला सर्वांत जास्त वेळ लागला आणि त्यात कुठे हात आखडला नव्हता.

पीटर मास्तरांकडे आम्ही शेवटी गेलो. काम आटोपलं, डबे झाकले, आणि मी भिंतीला टेकून डबा उघडला. पोळी-भाजी खाता खाता मी सहज विचारलं, की तुझ्या यादीत बाई एकही नाही का? त्याचा घास हातातच राहिला. मग त्याने मला गयाबाईंबद्दल सांगितलं.

गयाबाई मला आठवत होत्या. आमच्याच गल्लीतल्या, उंच, आवाज मोठा, नवरा मागावर आणि त्या मोर्चात. अपक्ष उभ्या राहिल्या आणि कोणाच्या ध्यानीमनी नसताना निवडून आल्या. निशाणी होती छत्री. भिंतींवरच्या त्या सगळ्या छत्र्या नानाभाऊनेच रंगवल्या होत्या, पत्र्याचा छापा कापून. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पहिला सार्वजनिक नळ त्यांनीच आणला. त्याआधी आम्ही पाणी कुठून आणायचो ते लिहायला लागले तर हा लेख दुसरीकडेच जाईल. नळाच्या शेजारच्या भिंतीवर काळी छत्री होती आणि तिच्याखाली उभं राहून मी रोज घागर भरायची. त्या भिंतीची मला एवढीच ओळख होती.

दुसऱ्या निवडणुकीच्या वेळी चिन्हं वाटली जाण्याआधीच नानाभाऊने काम सुरू केलं. बाईंची निशाणी छत्रीच असणार, सगळ्यांनीच ते गृहीत धरलं होतं. छापा तयार होता, आठ-दहा भिंतींवर छत्र्या उमटल्यासुद्धा. यादी लागली तेव्हा छत्री दुसऱ्याच एका अपक्षाला गेली होती, ज्याला वॉर्डात कोणी ओळखत नव्हतं, आणि बाईंना मिळाली बादली. नानाभाऊने एकेक भिंत पुसून छत्रीच्या जागी बादली काढली. फक्त नळाजवळची भिंत राहिली. ती घरापासून जवळ, म्हणून शेवटी ठेवली. आणि प्रचाराच्या शेवटच्या दिवशी तो चौकातल्या मोठ्या भिंतीवर होता, याच उपमहापौरांच्या… तेव्हा ते उपमहापौर झाले नव्हते, बाईंच्या विरोधात उभे होते. ते काम लांबलं. संध्याकाळी नळापाशी पोचला तेव्हा प्रचाराची वेळ संपली होती. तिथे पोलीस उभा होता, त्याने भिंतीला ब्रश लावू दिला नाही.

"दोन दिवस होते वं माह्यापाशी," तो म्हणाला. "घरोघरी जाऊन सांगतलं असतं का यंदा छत्री नाही, बादली आहे… तं झालं असतं. गल्ली केवढीशी! पन मले लाज वाटली. मी कोनालेच सांगतलं नाही. घरात बसून राहिलो."

मतदानाच्या दिवशी सकाळी गल्लीतल्या बायका नेहमीप्रमाणे नळावर गेल्या, घागरी भरल्या, छत्री बघितली, वर बाईंचं नाव बघितलं, आणि जाऊन छत्रीवर शिक्का मारून आल्या. बहुतेकींना अक्षर वाचता येत नव्हतं, चित्र येत होतं, आणि मागच्या वेळी ह्याच चित्राने बाईंना निवडून दिलं होतं. माझी आईही त्यात असणार. बाई थोडक्यासाठी पडल्या. त्या अनोळखी अपक्षाला आमच्या गल्लीच्या पेटीतून इतकी मतं कशी निघाली याचं नवल लोक बरेच दिवस करत होते, मग कोणीतरी भिंत बघितली आणि नवल संपलं. भिंतीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात सही होती, 'नाना आर्ट'. पेंटर लोक करतात तशी. त्या दिवसानंतर त्याने कशाखालीच सही केली नाही.

मी विचारलं, बाई काय म्हणाल्या? निकालानंतर दोन दिवसांनी तो चुन्याची बादली घेऊन भिंत पुसायला गेला, तर गयाबाई नळावर पाणी भरत होत्या. त्यांनी छत्रीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "छत्री चांगली काढली गा नाना." बस, एवढंच. घागर उचलली आणि गेल्या. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो, असं तो म्हणाला. पुन्हा त्या कधी उभ्या राहिल्या नाहीत. पुढे लेकीकडे मौद्याच्या बाजूला राहायला गेल्या आणि तिथेच वारल्या. त्यांचं घर महानुभाव पंथाचं, त्यांच्यात जाळत नाहीत, माती देतात.

म्हणजे बाईंना भेटायला जागा होती. नानाभाऊ ती शोधत मौद्याकडे गेला, त्यांची लेक सापडली नाही, पण पंथाची पुरण्याची जागा सापडली. रंग आणि ब्रश पिशवीत होतेच. तिथे एकही दगड नव्हता. मोकळी जमीन, कडेने बाभळी आणि एक हातपंप. देखरेख करणारे म्हातारे दादाजी होते, त्यांनी बाईंना कुठे ठेवलं होतं तेवढं बोटाने दाखवलं आणि सांगितलं, आमच्यात मातीवर नाव ठेवत नाहीत. "मले तिथंच उभ्या उभ्या हसू आलं सुमे," तो म्हणाला. "साऱ्या गावाचे नावं मी लिवले, आन जिचं लिवाचं होतं तिच्यापाशी लिवाले जागाच नाही." मी त्याला म्हटलं, अरे, झालं ते झालं, बाईंनी कधीच मनातून काढून टाकलं असेल. मास्तरी सवय, उत्तर आधीच तयार. त्याने डबा बंद केला आणि विषय पण बंद केला. मला वाटलं, गोष्ट तिथेच संपली.

मागच्या दोन वर्षांत त्याची छाती भरून यायला लागली. रंगाचा वास आयुष्यभर आत गेलेला, डॉक्टरांनी फार आशा दाखवली नव्हती. तरी दिवाळीनंतरची फेरी त्याने चुकवली नाही, फक्त सायकलऐवजी मीनाचा नवरा त्याला गाडीवर सोडायचा. या वर्षी मात्र तो अंगणात खुर्ची टाकून बसून असायचा. एकदा मी गेले तर समोर कागद पसरून ब्रशने आडव्या रेघा काढत होता. निम्म्यावर गेला की खोकला यायचा, रेघ थरथरायची. मी म्हटलं, काहून करून राहिला गा हे, आराम कर. मला पाहून त्याने कागद घडी करून खुर्चीखाली सरकवला. मला वाटलं, म्हाताऱ्याला सवय सुटत नाही. नंतर मग दवाखाना, आणि दवाखान्यातून तो घरी आला नाही.

तेराव्यानंतर मीना आणि मी त्याची रंगाची खोली आवरायला घेतली. खोली कसली, जिन्याखालची जागा. ब्रश एका डालड्याच्या जुन्या डब्यात उभे होते, केसांना खोबरेल तेलाचं बोट लावून टोकं काढलेली, जणू उद्या काम आहे. सर्वांत मागे जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. मीनाने कागद सोडवला. आत लोखंडी पत्र्याची नवी बादली होती. तिच्या पोटावर पांढरा पट्टा मारलेला, पट्ट्यावर खडूच्या दोन रेघा, रेघांमध्ये नानाभाऊचं अक्षर: गयाबाई. आणि नावाशेजारी एक लहानशी बादली काढलेली, कडी वर उचललेली, अगदी मतपत्रिकेवर असते तशी. सगळं पूर्ण होतं. फक्त माथ्याची रेघ नव्हती.

मी जिन्याच्या पायरीवरच बसले. बादली पालटायची राहिली वं… मला रडू आवरेना, आणि रडताना माझा मलाच राग येत होता, की याने माझा हात धरून दोनदा सांगितलं आणि मी जाऊन प्लास्टिकच्या बादल्यांच्या कड्या तपासत बसले. मीना म्हणाली, आत्याबाई, दुसऱ्या एखाद्या पेंटरकडून रेघ काढून घेऊ. मी नको म्हटलं. जरा जोरातच म्हटलं असावं, कारण ती बादली पुन्हा कागदात गुंडाळायला लागली.

त्याच आठवड्यात आम्ही दोघी मौद्याला गेलो. वीजकेंद्राच्या चिमण्या मागे टाकून डावीकडे वळायचं, पुढे विचारत विचारत. दादाजी खरोखरच तिथे होते, पांढरे कपडे, कमरेत वाकलेले. आम्ही दंडवत प्रणाम केला, त्यांनीही केला. माझ्या हातातली बादली बघून त्यांनी पहिलं विचारलं, "नानाजी काहून नाही आले यंदा?" मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, मग आम्हाला हातपंपाकडे घेऊन गेले. पंपाखाली एक बादली होती, तळ गंजून चाळणी झालेली. पोटावरचं नाव मात्र स्पष्ट वाचता येत होतं, माथ्याच्या अखंड रेघेसकट.

दादाजींनी सांगितलं ते असं. मातीवर नाव नाही म्हटल्यावर नानाभाऊ त्या दिवशी परतायला निघाला, आणि जाता जाता हातपाय धुवायला पाणी कुठे आहे म्हणून विचारलं. माती देऊन आलेले लोक इथे पंपावरच हातपाय धुतात. दादाजी म्हणाले, पाणी आहे, पण बादली फुटकी आहे. हे ऐकून तो जागच्या जागी उभा राहिला, आणि पुढच्या आठवड्यात बादली घेऊन आला. बादलीवर नाव चालेल का विचारलं. दादाजींनी विचार केला, बादली म्हणजे काही माती नव्हे. तेव्हापासून तो दर वर्षी एकटाच बसने यायचा, रंग उडाला असेल तर भरायचा, पत्रा गळायला लागला की नवी आणायचा. बाईंच्या जागेपाशी घटकाभर बसायचा, त्याच बादलीतून पाय धुवायचा आणि जायचा. कोण होत्या, कशासाठी, हे त्याने दादाजींना कधी सांगितलं नाही आणि त्यांनी कधी विचारलं नाही.

आम्ही जुनी बादली बाजूला काढून नवी लावली. त्या दिवशी तिथे एका घरची माती झाली होती. थोड्या वेळाने माणसं पंपावर आली, एकेकाने पाणी घेतलं. शेवटी एक बाई आली, तिशीतली असेल, डोळे सुजलेले. तिने बादली भरायला ठेवली आणि रेघ नसलेलं नाव न अडखळता वाचलं. गयाबाई. मग मला विचारलं, "ह्या कोन होत्या वं मावशी?"

मी म्हटलं, आमच्या वॉर्डाच्या नगरसेविका होत्या, आमच्या गल्लीत पाणी त्यांनी आणलं.

"आन हे बादलीचं चित्र?"

दादाजीही ऐकत होते. मीनालाही यातलं काही ठाऊक नव्हतं. क्षणभर वाटलं, नानाभाऊचं झाकलेलं आपण कशाला उघडावं… पण नाही. दोन दिवस हातात असून जे सांगायचं राहिलं ते एवढंच तर होतं. मी सांगितलं, "ती त्यांची निशाणी होती. लोकांनी छत्रीवर शिक्के मारले म्हणून त्या पडल्या. भिंत रंगवणाऱ्याकडून छत्री पुसायची राहिली होती. त्यांची निशाणी छत्री नव्हती, बादली होती." त्या बाईने मान हलवली, बादली तिरपी करून पायांवर पाणी घेतलं आणि नीट पंपाखाली ठेवून गेली.

आता नानाभाऊचा डालड्याचा डबा माझ्या नंदनवनच्या घरी मागच्या व्हरांड्यात आहे. त्याने शिकवल्याप्रमाणे मी ब्रश रॉकेलमध्ये धुते, मग साबणाने, मग तेलाचं बोट. दिवाळीनंतर पीटर मास्तर आहेत, हाजीसाहेब आहेत, उपमहापौर त्यांच्या सगळ्या पदांसकट आहेत. कोरलेल्या अक्षरात रंग भरणं मला जमेल असं वाटतं. बादलीचं वेगळं आहे. रोज सकाळी जुनी वर्तमानपत्रं पसरते, खडूने चार अक्षरं लिहिते, छाती भरून घेते आणि 'ग'पासून निघते. 'बा'पर्यंत जाते. अजून मला श्वास पुरत नाही.